पॅरिसमधले संप, मोर्चे आणि जाळपोळीच्या रात्री: परदेशी माणसाने रोजचं कसं निभवावं?

सेनकाठी

नवीन येणारे विद्यार्थी आणि ला देफाँसकडे नोकरीला लागलेली मंडळी दर शरद ऋतूत तेच प्रश्न विचारतात. बातम्यांत पेटलेला कचरा आणि अश्रुधूर दिसतो, मग घरून फोन सुरू होतात. म्हणून सगळं एका ठिकाणी राहावं यासाठी हा धागा. ज्यांना त्या त्या विषयाची नीट माहिती आहे त्यांनी भर घालावी. अनुभवकथनापेक्षा नेमकी माहिती असेल तर नवख्यांना जास्त उपयोग होईल.

पहिली गोष्ट म्हणजे इथे तीन वेगळे प्रकार आहेत आणि तिन्हींना एकच उपाय चालत नाही.

१) संप, म्हणजे ग्रेव्ह. हा जाहीर होतो. सार्वजनिक सेवेत संघटनेला किमान पाच पूर्ण दिवस आधी लेखी सूचना द्यावी लागते, तिला प्रेआव्ही म्हणतात. शिवाय २००७ च्या कायद्यानुसार वाहतुकीतल्या ज्या कर्मचाऱ्यांवर गाड्या धावणं अवलंबून असतं त्यांनी आपण संपावर जाणार हे ४८ तास आधी कळवायचं असतं. त्यावरून कंपनी वेळापत्रक बसवते आणि आदल्या संध्याकाळी, साधारण पाचच्या सुमारास, जाहीर करते.

२) मोर्चा, म्हणजे मानिफ. हाही जाहीर होतो. आयोजकांना प्रेफेक्त्यूरकडे (सरकारचं स्थानिक प्रशासकीय कार्यालय) किमान तीन पूर्ण दिवस आधी मार्ग आणि वेळ कळवावी लागते.

३) उत्स्फूर्त उद्रेक. याची कसलीही नोटीस नसते. १६ मार्च २०२३ ला सरकारने कलम ४९.३ वापरून पेन्शन सुधारणा मतदानाविना पुढे रेटली, त्यानंतर कित्येक रात्री काँकॉर्द, ओपेरा, बास्तिय भागात बिनपरवाना घोळके फिरत होते. त्याच वर्षी २७ जूनला नाँतेरमध्ये पोलिसाच्या गोळीने १७ वर्षांचा मुलगा मेला आणि उपनगरं पेटली. हे दोन्ही तिसऱ्या प्रकारातले.

पहिल्या दोन प्रकारांत आदल्या संध्याकाळी दहा मिनिटं दिली की दुसरा दिवस बऱ्यापैकी सुरळीत जातो. तिसऱ्यात घरी थांबणं आणि कागदपत्रं जवळ असणं या दोनच गोष्टी कामाच्या.

आता मेट्रो, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो.

लाईन १, ४ आणि १४ चालकाविना धावतात. त्यातली १४ सुरुवातीपासूनच, १९९८ पासून. १ ही २०१२ च्या अखेरीपासून पूर्णपणे. आणि ४ चं काम २०२४ उजाडताना संपलं. डिसेंबर २०१९ च्या मोठ्या संपात ४ अजून चालकांच्याच हाती होती, त्यामुळे तेव्हा फक्त १ आणि १४ चा आधार होता. आता तीन आहेत, आणि त्या तीन मिळून शहराचा बराच भाग बांधतात: १ पूर्व-पश्चिम, ४ उत्तर-दक्षिण, १४ सें-देनी प्लेयेलपासून थेट ओर्ली विमानतळापर्यंत. शातलेला तिन्ही भेटतात. घर शोधताना यांपैकी एखाद्या लाईनपासून वीस मिनिटांच्या चालीत असेल तर भाडं थोडं जास्त पडलं तरी घ्यावं, असं माझं ठाम मत आहे.

बाकीच्या लाईनींसाठी फलकावर दोन प्रकारची वाक्यं येतात. "३ पैकी १ गाडी" म्हणजे वारंवारता कमी, पण दिवसभर चालू. "फक्त गर्दीच्या वेळी" हे वाक्य मात्र नीट वाचा. याचा अर्थ सकाळी साधारण साडेसहा ते साडेनऊ आणि संध्याकाळी साडेचार ते साडेसात. मधल्या वेळेत आणि त्यानंतर दाराला जाळी. सकाळी सुखरूप ऑफिसात पोचलेला माणूस संध्याकाळी आठला बाहेर पडतो आणि अडकतो, तो यामुळे. येण्याआधी जाण्याची वेळ बघा.

आणि "किमान सेवा" या शब्दांवर फार विसंबू नका. २००७ चा कायदा प्रवाशाला आगाऊ माहिती मिळण्याची हमी देतो. अमुक इतक्या गाड्या धावतीलच याची हमी त्यात नाही.

---

तिकीटघर

उत्तम धागा. आरईआरचं, म्हणजे शहर आणि उपनगरं जोडणाऱ्या जलद लोकलचं, थोडं उलगडून सांगतो, कारण नवीन माणसाला तिथली गोम कळत नाही.

आरईआर बी ही एक लाईन दिसते, पण गार द्यू नोरच्या दक्षिणेला ती आरएटीपी (मेट्रो चालवणारी कंपनी) चालवते आणि उत्तरेला एसएनसीएफ (राष्ट्रीय रेल्वे). संप कुणाचा आहे त्यावर सगळं अवलंबून. फक्त रेल्वेवाल्यांचा संप असेल तर दक्षिणेकडची बाजू, म्हणजे सिते युनिव्हर्सितेर, मासी-पालेझो, साक्लेकडे जाणारी मंडळी, यांचं बरंचसं नेहमीसारखं चालतं. उत्तरेकडे, म्हणजे शार्ल द गोल विमानतळाकडे, हाल होतात. अशा दिवशी गार द्यू नोरला जोडणी तोडतात. गाडी तिथेच रिकामी होते, सामान घेऊन फलाट बदलायचा आणि दुसरी गाडी धरायची. विमान पकडायचं असेल तर या एका बदलासाठी पाऊण तास धरून चाला.

आरईआर ए चंही तसंच: मधला मोठा भाग आरएटीपीकडे, सेर्जी आणि प्वासीकडच्या शाखा एसएनसीएफकडे. सी, डी, ई पूर्णपणे एसएनसीएफच्या. म्हणून बातमीत "ट्रान्सपोर्टचा संप" एवढंच वाचून थांबू नका. कोणत्या कंपनीत, कोणत्या संघटनेने, एक दिवसाचा की "रेकोंदुक्तिब्ल" हे बघा. रेकोंदुक्तिब्ल म्हणजे रोज सकाळी कर्मचाऱ्यांची सभा होते आणि पुढे चालू ठेवायचा का यावर मतदान होतं. ५ डिसेंबर २०१९ ला सुरू झालेला संप असाच जानेवारीपर्यंत लांबला.

पैशांचं: मासिक नाव्हिगो पासचे निम्मे पैसे मालकाने द्यायचे असतात, संप असो वा नसो. मोठा संप झाला तर कधी कधी परतावा जाहीर होतो. डिसेंबर २०१९ चा पास परत केला होता. तो आपोआप येत नाही, ठरलेल्या मुदतीत साइटवर अर्ज भरावा लागतो. म्हणून पासाची पावती आणि बँकेची नोंद ठेवा.

---

कोथिंबीर

वाचते आहे. मेट्रो चालू असून स्टेशन बंद असतं, असं का होतं ते कुणी सांगेल का? लाईन १ चालू आहे असं दाखवतं आणि गाडी बास्तियला थांबतच नाही.

---

सेनकाठी

@कोथिंबीर, ते संपामुळे होत नाही, मोर्च्यामुळे होतं. प्रेफेक्त्यूरच्या आदेशाने मोर्च्याच्या मार्गावरची स्टेशनं बंद करतात. गाडी हळू होते, "ला स्तास्यों ए फेर्मे" अशी घोषणा होते आणि ती पुढे निघून जाते.

कामगार संघटनांचे मोर्चे ठरावीक वाटांनी जातात. रेपुब्लिक, बास्तिय, नास्यों हा नेहमीचा मार्ग. दुसरे नेहमीचे नाके म्हणजे प्लास दीताली, दाँफेर-रोशरो, अँव्हालिद, ओपेरा. सुरुवात बहुधा दुपारी दोनच्या सुमारास. शेवटच्या चौकातली स्टेशनं उशिरा उघडतात, कारण तणाव विखुरताना वाढतो. मार्गावरच्या स्टेशनाच्या एक-दोन स्टेशनं आधी उतरून समांतर रस्त्याने चालणं सगळ्यात सोपं. बास्तिय बंद असेल तर सें-पोल किंवा गार द लियों.

पिवळ्या जॅकेटवाल्यांच्या आंदोलनात, म्हणजे १७ नोव्हेंबर २०१८ पासून, दर शनिवारी शाँझेलिझेच्या आसपास हेच व्हायचं. त्या काळात शनिवारी तिथली दुकानं लाकडी फळ्या ठोकून बंद असायची. आजही मोर्च्याच्या मार्गावर सकाळी बँकेच्या काचांवर फळ्या ठोकताना दिसल्या की त्या रस्त्याने दुपारी येऊ नये.

---

सातबारा

कायद्याची बाजू लिहितो. लांब होईल, पण परदेशी माणसाला खरा धोका इथेच आहे. अश्रुधुराने दोन तास डोळे चुरचुरतात. पोलिसांच्या नोंदीत नाव गेलं तर ते पुढे कार्डाच्या नूतनीकरणात आणि नागरिकत्वाच्या अर्जात समोर येतं.

परदेशी माणसाला विचारल्यावर राहण्याचा परवाना दाखवता आला पाहिजे. तित्र द सेजूर मूळ जवळ ठेवा. ज्यांचा विद्यार्थी व्हिसा पासपोर्टात आहे त्यांनी पासपोर्ट आणि व्हिसा ऑनलाइन वैध केल्याचा कागद. फोनमधला फोटो काहीच नसण्यापेक्षा बरा, पण तेवढ्याने भागेलच असं नाही. ओळख पटली नाही तर चौकीत नेऊन चार तासांपर्यंत थांबवून ठेवू शकतात.

मोर्च्यात जाणं गुन्हा नाही. जाहीर न केलेल्या मोर्च्यात नुसतं असणंही गुन्हा नाही. सर्वोच्च न्यायालयाने, म्हणजे कूर द कासास्योंने, जून २०२२ मध्ये हे स्पष्ट केलं. मात्र बंदी घातलेल्या मोर्च्यात सहभागी होण्याला १३५ युरो दंड आहे. म्हणून कोणत्या रस्त्यांवर बंदी आहे हे प्रेफेक्त्यूर द पोलिसच्या आदेशात आधी वाचावं.

पुढची पायरी "आत्रूपमाँ", म्हणजे शांतता भंग करू शकेल असा जमाव. पोलीस अधिकारी भोंग्यावरून "ओबेइसाँस आ ला ल्वा" (कायदा पाळा) असं म्हणत पांगायला सांगतात, मग सूचना होतात, त्यांना सोमास्यों म्हणतात. आवाज पोचत नसेल तर लाल फ्लेअर उडवतात. दोन सूचनांनंतर तिथे राहिलात तर तो गुन्हा आहे: एक वर्षापर्यंत कैद आणि १५,००० युरोपर्यंत दंड. आपण नुसते बघत होतो किंवा फोटो काढत होतो, हे तिथे चालत नाही. लाल फ्लेअर दिसला की ज्या बाजूला गर्दी विरळ आहे तिकडे चालायला लागा.

चेहरा झाकू नका. १० एप्रिल २०१९ च्या कायद्याने मोर्च्यात, गडबड झालेली असताना किंवा होण्याची शक्यता असताना, विनाकारण चेहरा लपवणं गुन्हा झालं. मोर्च्याच्या आसपास पिशव्या तपासतात. पोहण्याचे किंवा स्कीचे गॉगल, गॅसमास्क, हेल्मेट सापडलं तर "हिंसेसाठी जमाव" या कलमाखाली ताब्यात घेतल्याचे प्रकार होतात. सायकलचं हेल्मेट असेल तर सायकलही बरोबर असावी.

ताब्यात घेतलंच, म्हणजे गार्द-आ-व्ह्यू झाली, तर ती २४ तासांची, आणि ती ४८ पर्यंत वाढवता येते. या वेळात तुमचे हक्क:

दुभाषा. फ्रेंच रोजच्या वापरापुरतं येत असलं तरी दुभाषा मागाच. चौकशीची भाषा वेगळी असते आणि एका क्रियापदाच्या काळाने अर्थ बदलतो. मराठीचा मिळण्याची शक्यता कमी, हिंदी किंवा इंग्रजीचा सांगा.

वकील. ओळखीचा नसेल तर "आव्होका कोमी दोफिस" म्हणा, वकील संघाच्या यादीतला येतो. वकील येईपर्यंत "ज गार्द ल सिलाँस" (मी गप्प राहणार) एवढंच.

डॉक्टर. एका माणसाला कळवणं. आणि परदेशी नागरिकाला आपल्या दूतावासालाही कळवायला सांगता येतं. भारताच्या बाबतीत हा हक्क बहुतेकांना ठाऊकच नसतो.

जबाबाचा कागद समजल्याशिवाय सही करू नका. सही नाकारता येते, तशी नोंद होते. बोटांचे ठसे नाकारणं मात्र वेगळा गुन्हा ठरतो. फोनचा पासकोड नाकारणंही गुन्हा ठरू शकतं, नोव्हेंबर २०२२ चा निकाल आहे. म्हणून पासकोडचा प्रश्न आला की आधी वकिलाशी बोलायचं आहे असं सांगा.

१६ मार्च २०२३ च्या रात्री पॅरिसमध्ये जवळपास तीनशे जणांना ताब्यात घेतलं आणि बहुतेक सगळे कुठलाही खटला न होता सुटले. पण सुटलं म्हणजे संपलं असं नाही. टीएजे नावाच्या पोलीस नोंदवहीत नाव राहू शकतं आणि प्रेफेक्त्यूर परवान्याच्या वेळी ती बघते. प्रकरण बंद झालं असेल तर ती नोंद पुसण्यासाठी किंवा झाकण्यासाठी सरकारी वकिलाकडे अर्ज करता येतो. प्रकरण बंद झाल्याचा कागद मागून घ्या आणि जपून ठेवा, पुढच्या नूतनीकरणाआधी हे काम उरका.

---

उत्तरायण

सातबारा यांचा प्रतिसाद मुलांनी छापून ठेवावा असा आहे. मनापासून आभार.

एक विचारायचं आहे. मुलगा मोर्च्यात जात नाही, पण घरच मोर्च्याच्या वाटेवर असेल तर? पोलिसांनी रस्ता बंद केल्यावर आत कसं जायचं?

---

सातबारा

@उत्तरायण काका, राहण्याचा पुरावा दाखवून सोडतात. विजेचं बिल किंवा भाडेपावती, तीन महिन्यांच्या आतली, फोनमध्ये उतरवून ठेवायला सांगा. कडं तोडून मध्ये घुसायचं नाही, कोपऱ्यावरच्या पोलिसाकडे सरळ जाऊन "बोंझूर, जाबीत दाँ सेत र्यू" (नमस्कार, मी याच रस्त्यावर राहतो) म्हणायचं. आधी बोंझूर, मग बाकीचं. नाही सोडलं तर वाद न घालता पुढच्या कोपऱ्यावर दुसऱ्या तुकडीला विचारायचं.

कधी कधी पोलीस जमावाला चारी बाजूंनी वेढतात, त्याला नास म्हणतात. नियमाप्रमाणे बाहेर पडायची एक वाट ठेवायची असते. त्यात अडकलं तर पळायचं नाही. कडेला, इमारतीच्या दाराजवळ जायचं, हात दिसतील असे ठेवायचे आणि वाट कुठे आहे ते विचारायचं.

---

मोदकपात्र

शाळांचं लिहिते.

मातेर्नेल आणि एलेमाँतेर, म्हणजे बालवाडी ते पाचवीच्या आसपास, इथल्या शिक्षकांनीही संपाआधी ४८ तास कळवायचं असतं. २००८ चा कायदा. एखाद्या शाळेतले २५ टक्के किंवा जास्त शिक्षक संपावर असतील तर मुलांना सांभाळायची सोय नगरपालिकेने करायची. त्याहून कमी असतील तर शाळेनेच. शिकवणं होत नाही, फक्त मुलं सुरक्षित ठेवतात.

पालक इथे गोंधळतात तो कँटीनच्या बाबतीत. जेवण वाढणारे आणि शाळेनंतर मुलं सांभाळणारे कर्मचारी नगरपालिकेचे असतात. शिक्षक हजर आणि कँटीन बंद, असंही होतं, आणि उलटही. वहीत चिकटवलेल्या चिठ्ठीत दोन्ही गोष्टी वेगळ्या लिहिलेल्या असतात. "पिक-निक" लिहिलं असेल तर घरून थंड डबा द्यायचा, तिथे गरम करून मिळेलच असं नाही. पराठा किंवा दशमी आणि चीज ठीक. शेंगदाण्याची चटणी नको, अ‍ॅलर्जीच्या धास्तीने शाळा परत पाठवते.

---

डोंगरवाट

सायकल! डिसेंबर २०१९ मध्ये पॅरिसकर मोठ्या संख्येने सायकलवर आले ते त्या संपामुळे. व्हेलिबबद्दल, म्हणजे शहराच्या भाड्याच्या सायकलींबद्दल, कामाचं तेवढं:

हिरवी साधी, निळी विजेवर चालणारी. कुणी सीट उलटी फिरवून ठेवली असेल तर ती सायकल बिघडलेली आहे, घेऊ नका. हा इथला अलिखित संकेत. बाहेर काढण्याआधी दोन्ही टायर दाबून बघा आणि ब्रेक ओढा, मग अनलॉक करा. संपाच्या सकाळी बाहेरच्या आराँदिस्मामधली (शहराचे प्रशासकीय विभाग) स्टँड आठच्या आत रिकामी होतात आणि मध्यभागातली भरून जातात. म्हणजे सायकल मिळणं एक अडचण आणि ती ठेवायला जागा मिळणं दुसरी. मुक्कामाच्या पाचशे मीटर आधीच्या स्टँडवर लावा आणि उरलेलं चाला. परत लावताना हिरवा दिवा बघितल्याशिवाय हलू नका, नाहीतर भाडं चालूच राहतं.

कानात इअरफोन घालून सायकल चालवली तर १३५ युरो दंड आहे. संपाच्या दिवशी नवखे सायकलस्वार खूप असतात, पोलीस नेमके तेव्हा उभे असतात.

चालणंही विसरू नका. आतलं पॅरिस एवढं मोठं नाही. सिते इंटरनॅशनल या विद्यार्थी वसाहतीत, तिथल्या मेझों द लँद या भारतीय वसतिगृहात राहणारी मुलं आरईआर बी बंद झाली की हवालदिल होतात. तिथून पोर्त दॉर्लेआँ पंधरा-वीस मिनिटांवर आहे आणि तिथे लाईन ४ मिळते.

---

कोथिंबीर

लाईन ४ म्हणजे गार द्यू नोरपर्यंत थेट, मग ला शापेलचा किराणाही आला. तूरडाळ, कढीपत्ता संपाच्या दिवसातही मिळेल.

---

निळाई

अश्रुधुराबद्दल कुणी लिहिलं नाही. वैद्यकीय माहिती अशी.

कॉन्टॅक्ट लेन्स लावून मोर्च्याच्या भागात जाऊ नका, चष्मा लावा. लेन्समागे वायूचे कण अडकतात आणि बुबुळाला इजा होते. लेन्स असतानाच धूर लागला तर बाहेर पडून, हात धुऊन लगेच काढा आणि फेकून द्या, धुऊन परत वापरू नका.

डोळे चोळू नका. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला, मोकळ्या जागी या. औषधाच्या दुकानात "सेरोम फिझिओलोजिक" नावाच्या ५ मिलीच्या प्लास्टिकच्या कुप्या मिळतात, लहान बाळांचं नाक धुवायला वापरतात त्याच. एक डोळा, एक कुपी, आतून बाहेरच्या दिशेने. नसेल तर साधं भरपूर पाणी. लिंबू, व्हिनेगर, दूध यांच्या नादी लागू नका, त्यांनी संसर्ग आणि जळजळ वाढते.

घरी आल्यावर कपडे दाराशीच काढून पिशवीत बांधा आणि वेगळे धुवा. आंघोळ आधी गार पाण्याने, डोकं पुढे वाकवून केस धुवा, म्हणजे केसातलं पाणी डोळ्यांत आणि अंगावर ओघळत नाही. लगेच गरम पाणी घेतलं तर आग वाढते. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी पंप खिशात ठेवावा, पिशवीत नको. श्वास लवकर सुधारला नाही तर १५ वर (तातडीची वैद्यकीय मदत) फोन करा. बोलता येत नसेल तर ११४ वर मेसेज करता येतो.

पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर राहात असाल तर धूर वर येतो. खिडक्या बंद करा, आणि खिडकीच्या वरच्या कडेला हवेची फट असते तिथे ओला टॉवेल लावा. नंतर आठवणीने काढा, ती फट घराच्या वायुवीजनासाठी असते.

नियमित औषधं किमान आठवड्याची शिल्लक असू द्या. कधी औषधांची दुकानंही संपात उतरतात. १८ सप्टेंबर २०२५ ला उतरली होती.

---

तिकीटघर

कचऱ्याचं राहिलं. ६ मार्च २०२३ पासून तीनेक आठवडे सफाई कामगारांचा संप होता आणि पॅरिसच्या फूटपाथवर दहा हजार टनांच्या आसपास कचरा साठला होता. काही आराँदिस्मांत नगरपालिकेचे कामगार कचरा उचलतात आणि काहींत खासगी कंपन्या, म्हणून एका रस्त्यावर ढीग आणि पलीकडे स्वच्छ असं दृश्य होतं. पण शहराबाहेरच्या जाळण्याच्या भट्ट्याही बंद पडल्यावर खासगीवाल्यांचंही अडलं.

अशा वेळी ओला कचरा फ्रीजरमध्ये. मासे, चिकनची हाडं, फळांच्या साली छोट्या पिशवीत घट्ट बांधून गोठवा. कोरडा कचरा दाबून, खोके चिरून घरातच ठेवा. इमारतीच्या गार्दियँला (राखणदाराला) विचारल्याशिवाय पिशव्या खाली नेऊ नका. रस्त्यावर टाकलेल्या पिशवीला एरवीही १३५ युरो दंड आहे, आणि मार्चमध्ये रात्री तेच ढीग पेटवले जात होते. ढिगाशेजारी लावलेल्या स्कूटर आणि सायकली त्यात जळाल्या.

---

कोथिंबीर

आणि जून २०२३ सारखं झालं तर? उपनगरात स्वस्त म्हणून राहणारे आपले लोक पुष्कळ आहेत.

---

सेनकाठी

@कोथिंबीर, त्या आठवड्याचं स्वरूप वेगळं होतं. दिवसा बाजार, ऑफिसं चालू. अंधार पडला की फटाक्यांचे मोर्टार आणि आगी. बस आणि ट्राम रात्री ९ ला बंद केल्या होत्या. क्लामारसारख्या काही गावांत रात्री ९ ते सकाळी ६ संचारबंदी होती, आणि ती प्रत्येक नगरपालिकेची वेगळी. आपली राहती नगरपालिका कोणती हे नीट माहीत हवं आणि तिची साइट रोज संध्याकाळी बघायला हवी. रात्रपाळीवाल्यांनी मालकाकडून कामाच्या वेळेचं सहीशिक्क्याचं पत्र घ्यावं, संचारबंदीत तेच दाखवायचं.

संध्याकाळचा हिशोब साधा: शेवटची बस नऊला असेल तर तिच्या आधीची धरायची. बाल्कनीत उभं राहून चित्रण करू नये, मोर्टारचे बार वर येतात. तळमजल्यावर झडपा साडेआठलाच ओढाव्यात. गाडी असेल तर कचऱ्याच्या मोठ्या डब्यांपासून आणि शाळा, नगरपालिका, पोलीसचौकी यांच्या भिंतींपासून लांब लावावी. आगी तिथूनच पसरत होत्या.

गाडी किंवा घराचं नुकसान झालं तर विमा कंपनीला पाच कामाच्या दिवसांत कळवायचं असतं. आधी फोटो, मग पोलीस तक्रार, मग कंपनीला पोचपावतीसह पत्र. पॉलिसी फक्त "ओ तिएर", म्हणजे थर्ड पार्टी, असेल तर तीत स्वतःच्या जळलेल्या गाडीचे पैसे सहसा मिळत नाहीत. पण जमावाने हिंसा करून केलेल्या नुकसानीची जबाबदारी कायद्याने सरकारवर येऊ शकते, म्हणून तक्रारीची प्रत कधीही टाकू नका.

---

मोदकपात्र

नोकरीचं कुणी सांगा. संपामुळे ऑफिसला पोचता आलं नाही तर पगार कापतात का?

---

सातबारा

कापू शकतात. जे तास काम झालं नाही त्यांचे पैसे द्यायला मालक बांधील नाही. मात्र वेळेवर कळवलं असेल तर शिस्तभंगाची कारवाई सहसा टिकत नाही. आदल्या संध्याकाळी लाईनचं वेळापत्रक लागलं की त्याचं चित्र जोडून ईमेल करा आणि घरून काम, सुट्टी किंवा तास भरून काढणं यांपैकी एक स्वतःच सुचवा. तोंडी सांगितलेलं धरू नका.

प्रेफेक्त्यूरच्या मुदती संपामुळे पुढे जात नाहीत. कार्ड संपण्याआधी चार ते दोन महिन्यांच्या काळात नूतनीकरणाचा ऑनलाइन अर्ज गेलाच पाहिजे. अपॉइंटमेंटच्या दिवशी पोचता आलं नाही तर त्याच दिवशी, कार्यालय बंद होण्याआधी, साइटवरून लेखी कळवा: बोलावण्याचा क्रमांक, वाहतुकीचं चित्र, नवीन तारखेची विनंती. हा पुरावा नंतर वकिलाच्या फार कामी येतो.

---

उत्तरायण

विमानांचं?

---

तिकीटघर

थोडक्यात. हवाई नियंत्रकांचा संप असेल तर सरकारी खातं कंपन्यांना काही टक्के उड्डाणं कमी करायला सांगतं. युरोपच्या नियमात नियंत्रकांचा संप ही असाधारण परिस्थिती धरतात, म्हणून भरपाई मिळत नाही. पण पैसे परत किंवा दुसरं विमान, आणि थांबावं लागलं तर जेवण-हॉटेल, हे मिळतं. पावत्या ठेवा. ओर्लीला लाईन १४ आहेच. शार्ल द गोलला बी वर भरवसा नसेल तर टॅक्सी. शहर ते विमानतळ भाडं ठरलेलं आहे, सेनच्या उजव्या तीरावरून कमी, डाव्या तीरावरून थोडं जास्त. मीटर लावतो म्हणणाऱ्या गाडीत बसू नका.

---

कोथिंबीर

शेवटचं. दूतावासात पासपोर्टच्या कामाला जायचं आणि नेमका लाईन ९ चा संप. ला म्युएतला कसं पोचायचं?

---

डोंगरवाट

लाईन १ ने एत्वाल, तिथून आव्हेन्यू क्लेबेरने त्रोकादेरो आणि पुढे पासीतून ला म्युएत. साधारण तीन किलोमीटर, पाऊण तास धरा. शाँझेलिझेला काही असेल तर एत्वाल बंद मिळेल, मग पुढच्या आर्जाँतिन स्टेशनला उतरा आणि शाँझेलिझेकडे न वळता दक्षिणेला चालत जा. मूळ कागद आणि छायाप्रती वेगवेगळ्या पाकिटांत, आणि अपॉइंटमेंटचा कागद छापलेला घ्या.